‘मुंबई शहर उत्तर’ : बाबासाहेब हरले तो मतदारसंघ आणि मेनन जिंकले तो मतदारसंघ एकच का?

तुमचा प्रश्न असा की १९५२ला बाबासाहेब ‘मुंबई शहर उत्तर’मधून हरले आणि १९५७, १९६२ला त्याच ‘मुंबई शहर उत्तर’मधून नेहरूंचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन निवडून आले, म्हणजे ज्या मतदारांनी घटनाकाराला पाडलं त्यांनीच पाच वर्षांत मेननना डोक्यावर घेतलं का? आणि तुमचे आजोबा नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे, त्यांनी हत्तीवर, म्हणजे बाबासाहेबांच्या पक्षाच्या चिन्हावर, मत दिलं होतं, तर ती चाळ आज कुठल्या मतदारसंघात येते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. नाव तेच, जागा वेगळी, माणसं वेगळी. दुसऱ्याचं शेवटी देतो, कारण मधलं कळल्याशिवाय त्याची मजा नाही.

मी गेली पंचवीसेक वर्षं मतदारयाद्या, बूथ आणि मतदारसंघांच्या हद्दी यात काम करतोय, सुरुवात चिठ्ठ्या वाटण्यापासून झाली, आणि तुम्ही ज्या खड्ड्यात पडलात त्यात मी पण पडलोय. सुरुवातीला एका उमेदवाराच्या ऑफिससाठी मतदारसंघाचा इतिहास म्हणून एक तक्ता केला होता, ५२, ५७, ६२ अशी सरळ एका रांगेत नावं लावली, काजरोळकर (बाबासाहेबांना हरवणारे), मग मेनन, मग परत मेनन. रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावला. संध्याकाळी लालबागचे एक म्हातारे कार्यकर्ते आले, चष्मा वर करून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, मेनन आमचा खासदार कधी होता? आमचा तर डांगे होता." तक्ता त्याच रात्री काढला. तेव्हापासून मी मतदारसंघ नावाने शोधत नाही, वाडी-चाळ-रस्त्याने शोधतो.

आता १९५२. तेव्हा मुंबईला लोकसभेच्या चार जागा होत्या पण मतदारसंघ तीनच. शहर दक्षिण, एक जागा, तिथून स. का. पाटील. मुंबई उपनगर, एक जागा, तिथून जयश्री रायजी. आणि शहर उत्तर, दोन जागा, त्यातली एक अनुसूचित जातींसाठी राखीव. हे ‘शहर उत्तर’ म्हणजे जुन्या बेटाच्या शहराचा उत्तरेकडचा भाग, परळ, नायगाव, दादर वगैरे, बहुतेक गिरणगावच. वांद्र्याच्या पलीकडचं म्हणजे उपनगर, त्याचा याच्याशी संबंध नाही. १९५०ला काही उपनगरं महापालिकेत आली होती पण लोकांच्या डोक्यात शहर म्हणजे माहीम-शीवपर्यंतच.

दोन जागांचा मतदारसंघ हा प्रकार आजच्या पोरांना समजावताना नाकी नऊ येतात. देशभरात तेव्हा असे ८६ मतदारसंघ होते, आणि उत्तर बंगालमध्ये तर एक तीन जागांचा. मतदाराला एकाऐवजी दोन मतपत्रिका मिळायच्या. मतपत्रिकेवर ना नाव ना चिन्ह, शिक्का मारायची भानगडच नव्हती. आडोशाच्या आत लोखंडी पेट्या मांडलेल्या, जितके उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येक पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. तुम्ही आत जायचं आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. (या पेट्या लाखोंनी इथेच बनल्या, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात.) पण दोन कागद दोन वेगळ्या पेट्यांत टाकायला लागायचे. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एक मोजायचे आणि दुसरा बाद.

इथे थोडं मागे जाऊ, कारण हा मुद्दा मला नेहमी महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर फारसं कुणी बोलत नाही. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेब याच पट्ट्यातून, भायखळा-परळमधून, निवडून आले होते. काँग्रेसने समोर पळवणकर बाळूंना उभं केलं होतं, हो तेच, क्रिकेटवाले. पण तेव्हा मुंबई प्रांतात मतं एकवटायची मुभा होती, म्हणजे तुमच्याकडे जितकी मतं असतील ती सगळी एकाच उमेदवाराला देता यायची. गठ्ठा लहान असला तरी घट्ट असेल तर माणूस निवडून यायचा, आणि बाबासाहेबांचा गठ्ठा घट्टच होता. १९५२ला ती सोय गेली. एका माणसाला एकच मत, दुसरं द्यायचं तर दुसऱ्याला. म्हणजे आता नुसत्या आपल्या गठ्ठ्यावर भागणार नाही, दुसऱ्याच्या मतदाराने त्याचं दुसरं मत तुम्हाला दिलं तरच तुम्ही वर येणार. सगळा खेळच उलटा झाला.

म्हणून युती झाली. बाबासाहेबांनी १९५१च्या सप्टेंबरमध्ये कायदामंत्रीपद सोडलं होतं, हिंदू कोड बिल हे त्यातलं मोठं कारण, आणि मुंबईत फेडरेशन आणि समाजवादी पक्ष एकत्र आले. राखीव जागेला बाबासाहेब, सर्वसाधारण जागेला अशोक मेहता. हत्तीच्या मतदाराने दुसरा कागद झाडाला टाकायचा, झाडाच्या मतदाराने हत्तीला. काँग्रेसने सर्वसाधारण जागेला विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेला नारायण सदोबा काजरोळकर दिले. आणि कम्युनिस्टांकडून सर्वसाधारण जागेला कॉम्रेड डांगे, म्हणजे गिरणगाव ज्यांच्या घरचं आंगण होतं ते.

मतं बघा, गोल करून सांगतो. गांधी १ लाख ४९ हजार. मेहता जवळजवळ १ लाख ४० हजार. काजरोळकर १ लाख ३८ हजार. बाबासाहेब १ लाख साडेतेवीस हजार. डांगे ९७ हजारांच्या आसपास. म्हणजे बाबासाहेब पडले ते साधारण साडेचौदा हजारांनी.

आता नीट बघितलंत तर मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं आहेत, तरी काजरोळकर खासदार आणि मेहता घरी. कारण नियम असा की आधी राखीव जागा भरायची, अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो तिथे, आणि मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त तो दुसऱ्या जागेवर. या नियमाची उलटी बाजू पुढे १९५७ला आंध्रात दिसली, पार्वतीपुरमला दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी, जे नंतर राष्ट्रपती झाले, ते पडले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि तिथेही हरले. मग १९६१ला कायदा करून दोन जागांचे मतदारसंघच बंद केले.

पराभव कोणामुळे, यावर गेली सत्तर वर्षं भांडण चालू आहे. आंबेडकरी चळवळीतलं सर्वसाधारण उत्तर म्हणजे डांगे. कम्युनिस्टांनी आपल्या माणसांना ‘दुसरं मत कुजवा’ असं सांगितलं, दोन्ही कागद विळा-कणसाच्या पेटीत टाका म्हणजे डांग्यांचं एक मोजलं जाईल आणि दुसरं कुणालाच मिळणार नाही. ‘मत कुजवणं’ हा शब्द जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून आहे. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली, त्यात बाद झालेल्या मतांचा आकडा होता ७४,३३३. निकाल काही बदलला नाही. पण साडेचौदा हजारांनी पडलेल्या माणसाला चौऱ्याहत्तर हजार बाद मतं दिसली तर त्याला काय वाटेल सांगायला नको.

माझं मत विचाराल तर डांग्यांचा प्रचार हे कारण खरं आहे पण पुरतं नाही. आकडे परत घ्या. मेहता १ लाख ४० हजार, बाबासाहेब १ लाख साडेतेवीस. एका मतदाराचं एका उमेदवाराला एकच मत मोजलं जात होतं, तेव्हा साध्या वजाबाकीने मेहतांना मत देणारे किमान १६ हजार लोक असे निघतात ज्यांनी हत्तीच्या पेटीत कागद टाकलाच नाही. किमान म्हणतोय, प्रत्यक्षात जास्तच असणार, कारण हत्तीच्या सगळ्या मतदारांनी झाडाला मत दिलं असं धरलं तरच १६ येतात. आणि पराभव साडेचौदा हजारांचा. म्हणजे मित्रपक्षाच्या मतदारांनीच, त्यातल्या पांढरपेशा दादर-माटुंगावाल्यांनी म्हणा किंवा अजून कुणी म्हणा (कोण ते पेटी सांगत नाही), दुसरं मत दुसरीकडे टाकलं किंवा खिशात ठेवलं. युतीत मत फिरत नाही हे दुखणं आजचं नाही हो, ते पहिल्या निवडणुकीपासूनचं आहे. काँग्रेसच्या जोडीतही फरक आहे, गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११ हजारांचा, पण बैलजोडी एकच चिन्ह, एकच पक्ष, त्यामुळे गळती कमी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, डांगे आणि बाबासाहेब कायम एकमेकांच्या विरोधात नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्रच होते. चौदा वर्षांनी त्याच कामगारवस्तीत एकमेकांची मतं बाद करण्यावर गोष्ट आली.

बाबासाहेब मग राज्यसभेवर गेले. १९५४ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तीही दोन जागांचीच, तिथे अशोक मेहता आले आणि बाबासाहेब परत राहिले. त्या वेळी कार्यकर्ते म्हणाले की आपणही दुसरं मत कुजवू, आणि बाबासाहेबांनी नाही म्हणून सांगितलं, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

आता १९५७, आणि इथेच तुमचा घोळ झालाय. मधल्या काळात मतदारसंघ नव्याने आखले गेले. १ फेब्रुवारी १९५७पासून महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, उपनगर सगळं ‘मुंबई’ झालं. चार जागा आणि तीन मतदारसंघ तसेच राहिले पण पाट्या बदलल्या. दक्षिण दक्षिणच राहिलं. जुनं ‘शहर उत्तर’, दोन जागांचं, त्याचा गाभा झाला ‘मुंबई शहर मध्य’. आणि जे उपनगर होतं त्याला मिळालं रिकामं झालेलं नाव, ‘मुंबई शहर उत्तर’. म्हणजे चाळीत कसं, खालच्या मजल्यावरचे वर राहायला जातात पण दारावरची पाटी तिथेच राहते आणि नवीन बिऱ्हाडकरू तीच पाटी ठेवतो, मग पोस्टमन वर्षभर चुकीची पत्रं टाकत बसतो. तुम्ही आणि मी दोघं त्या पोस्टमनसारखे.

तेव्हा बाबासाहेबांच्या मतदारसंघाचं १९५७ला काय झालं हे बघायचं तर मेननकडे नाही, ‘शहर मध्य’कडे बघायचं. आणि तिथला निकाल वाचून मी पहिल्यांदा कागद खाली ठेवला होता. संयुक्त महाराष्ट्राचं वारं, जानेवारी ५६च्या गोळीबाराचं रक्त सुकलेलं नाही, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली सगळे एक. दोन जागांवर निवडून कोण आले? सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे. आणि राखीव जागेवर गोपाळ काळूजी माने, पक्ष शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. बाबासाहेब जाऊन तीन-चार महिने झाले होते. पाच वर्षांपूर्वी ज्या वस्तीत विळा-कणसावाल्यांनी दुसरं मत कुजवायला सांगितल्याचा आरोप झाला त्याच वस्तीत आता दोघांच्या पेट्या एकमेकांच्या मतांनी भरल्या. पेट्या त्याच, पद्धत तीच, दोन कागद तेच. फक्त या वेळी मत फिरलं. हे ५२ला झालं असतं तर, असं आमच्यातले सगळे म्हणतात, मी पण मनात म्हणतो, पण ५२ला संयुक्त महाराष्ट्र नव्हता आणि डांग्यांना समाजवाद्यांशी जुळवून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

आता उपनगराकडे, म्हणजे नवीन ‘शहर उत्तर’कडे. कृष्ण मेनन १९५७ला आले तेव्हा ताजे ताजे काश्मीरवाले होते. जानेवारी ५७मध्ये युनोत काश्मीरवर आठेक तास बोलले, बोलता बोलता कोसळले, पेपरात रोज फोटो. समोर प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस, गोवा मुक्तीच्या लढ्यातले मोठे नाव. समितीचं वारं शहरात जेवढं होतं तेवढं या पट्ट्यात चाललं नाही, मेनन आले. पुढे गंमत बघा, १९६२च्या निवडणुकीच्या दोन महिने आधी, डिसेंबर ६१मध्ये सैन्य गोव्यात शिरलं, संरक्षणमंत्री मेनन, श्रेय मेननना. ज्या अल्वारिसांनी गोव्यासाठी आयुष्य घातलं त्यांना याच मतदारांनी पाच वर्षांपूर्वी नाकारलं होतं.

१९६२ची लढत म्हणजे त्या काळातली देशातली सगळ्यात गाजलेली. समोर आचार्य कृपलानी, सत्तरी ओलांडलेले, एकेकाळचे काँग्रेस अध्यक्ष. पाठीशी स्वतंत्र पक्ष, जनसंघ, प्रजा समाजवादी. मेननच्या पाठीशी स्वतः नेहरू, आणि विशेष म्हणजे कम्युनिस्ट पण. दिलीपकुमार मेननसाठी सभा घेत होते. अमेरिकेच्या ‘टाइम’ने फेब्रुवारीत मेननना कव्हरवर टाकलं, अर्थात प्रेमाने नाही. कृपलानींच्या बाजूची घोषणा होती, ‘चीनी हमला होते हैं, मेनन साब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो’. घोषणा झकास, मतं नाहीत. मेनन २,९६,८०४, कृपलानी १,५१,४३७. दीड लाखाला थोडा कमी फरक. आणि आठ महिन्यांनी चीनने खरंच हल्ला केला, नोव्हेंबरात मेननना मंत्रिमंडळातून जावं लागलं. ती घोषणा देणाऱ्यांपैकी कुणाला याचा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

एवढ्या मोठ्या विजयाचं पुढच्या वेळी काय झालं? १९६७ला परत हद्दी बदलल्या, ‘शहर उत्तर’ हे नाव कायमचं गेलं, उपनगराचे दोन झाले, उत्तर-पूर्व आणि उत्तर-पश्चिम. काँग्रेसने मेननना तिकीट नाकारलं, बाहेरचे म्हणून. ते पक्ष सोडून उत्तर-पूर्वमधून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसकडून स. गो. बर्वे, आयसीएस, राज्यात मंत्री राहिलेले. जून ६६मध्ये जन्मलेली शिवसेना मेननच्या विरोधात रस्त्यावर. बर्वे आले पण निकालानंतर काही दिवसांतच वारले. पोटनिवडणूक लागली, मेनन परत उभे, समोर बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे, आणि मेनन परत हरले. दोन-तीन महिन्यांत एकाच मतदारसंघात एकाच घरातल्या दोघांकडून दोनदा पराभव, असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. आणि ज्यांच्या मुंबई काँग्रेसने मेननचा पत्ता कापला ते स. का. पाटील त्याच वर्षी दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले. असो, जॉर्जची गोष्ट वेगळी लिहायला लागेल.

परत गिरणगावात येतो. १९६२ला दोन जागांचा ‘शहर मध्य’ फोडून मध्य-उत्तर आणि मध्य-दक्षिण असे दोन केले. महाराष्ट्र झाला होता, समितीचं काम संपलं, एकी पण संपली, डांगे पडले. निवडून कोण आले तर विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. हो, तीच ५२ची जोडी, फक्त आता दोघं वेगवेगळ्या मतदारसंघांतून. नावाने शोधणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही, कारण त्याच्या तक्त्यात ५२चे गांधी-काजरोळकर ‘उत्तर’मध्ये आहेत आणि ६२चे ‘मध्य’मध्ये.

१९६७ला डांगे मध्य-दक्षिणमधून परत आले. आणि ‘मध्य मुंबई’तून आले रा. धों. भंडारे, फेडरेशन आणि रिपब्लिकन पक्षातले जुने नेते, पण आता काँग्रेसच्या बैलजोडीवर. १९७१लाही भंडारेच निवडून आले. १९७३ला ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जागा रिकामी झाली, आणि जानेवारी ७४ची ती पोटनिवडणूक लागली जिचं नाव काढलं की वरळी-नायगावचे म्हातारे आवाज खाली करतात. काँग्रेसचे रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा, समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीला पँथरच्या सभेवर दगडफेक झाली, मग बीडीडी चाळींत दंगल, ती नायगावपर्यंत गेली, १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. निवडणुकीत रोझा देशपांडे आल्या. १९५२ला ज्या वस्तीची मतं काँग्रेसला मिळू नयेत म्हणून बाबासाहेब लढले त्या वस्तीने ७४ला मतदानाला न जाऊन काँग्रेस पाडली, आणि फायदा झाला तो डांग्यांच्या घरात. बहिष्कार हे पण मत असतं आणि ते कुजत नाही, असं मला एका पँथरच्या जुन्या कार्यकर्त्याने चहा पिता पिता सांगितलं होतं.

पुढचं भराभर. १९७७ला पुन्हा आखणी, मुंबईला सहा जागा, ‘मध्य मुंबई’ हे नाव गेलं, दक्षिण-मध्य आणि उत्तर-मध्य आले. उत्तर-मध्यमधून ७७ला अहिल्या रांगणेकर, ८०ला प्रमिला दंडवते. दक्षिण-मध्यमध्ये १९८४ला, इंदिराबाईंच्या हत्येनंतरच्या लाटेत, गिरणी संपाचे दत्ता सामंत अपक्ष म्हणून आले, ही लाल नसली तरी मजूर म्हणून उमटलेली गिरणगावची शेवटची मोहोर. १९८९ला तिथे शिवसेनेचे वामनराव महाडिक, जे १९७०ला कृष्णा देसाईंच्या खुनानंतरच्या परळच्या पोटनिवडणुकीत सेनेचे पहिले आमदार झाले होते. १९९१पासून २००४पर्यंत सलग मोहन रावले.

आणि मग २००८ची पुनर्रचना, जिने परत तोच पाटीचा खेळ केला. २००४ला एकनाथ गायकवाड यांनी उत्तर-मध्यमधून मनोहर जोशींना पाडलं. २००९ला गायकवाड निवडून आले ते दक्षिण-मध्यमधून. लोकांना वाटलं यांनी मतदारसंघ बदलला. माणूस धारावीतच होता हो, धारावी-माहीमचा पट्टाच उत्तर-मध्यमधून उचलून दक्षिण-मध्यमध्ये टाकला होता. आणि ‘उत्तर-मध्य’ ही पाटी गेली वांद्रे, पार्ले, कुर्ल्याकडे, तिथे आल्या प्रिया दत्त. परळ-लालबाग-वरळी, जे रावलेंच्या दक्षिण-मध्यचं काळीज होतं, ते थेट दक्षिण मुंबईत, कुलाबा आणि मलबार हिलच्या शेजारी. नाव उत्तरेला सरकतं, वस्ती जागच्या जागी, ५७लाही असंच झालं होतं. तरी दर निवडणुकीला कुठल्या ना कुठल्या चॅनलवर ‘या मतदारसंघाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास’ म्हणून एक पट्टी येते आणि तिच्यात २००४ आणि २००९ एकाखाली एक असतात.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर निवडणूक आयोगाच्या निकालाचं पुस्तक शेवटी उघडा, आधी मतदारसंघ आखणीचा आदेश उघडा. मुंबईसाठी १९५१, मग ५७च्या निवडणुकीआधीचा, १९६१, १९६६, १९७६ आणि २००८. जुन्या आदेशांत वॉर्ड आणि रस्ते दिलेले असतात, कुठल्या रस्त्याची कुठली बाजू, रेल्वे लाइनच्या पूर्वेला की पश्चिमेला. ट्रेसिंग पेपर घ्या, शहराचा जुना नकाशा खाली ठेवा आणि पेन्सिलने ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन रविवारात होतं.

तुमच्या आजोबांची चाळ, नायगाव. १९५२ला शहर उत्तर, १९५७ला शहर मध्य, मग मधल्या सगळ्या पाट्या, आणि आज विधानसभेला वडाळा, लोकसभेला मुंबई दक्षिण-मध्य. ही जागा आज राखीव नाही, मुंबईतल्या सहापैकी एकही लोकसभा जागा नाही. आजोबांनी हत्तीवर मत दिलं हे तुम्हाला माहितीये. त्यांनी दुसरा कागद कुठल्या पेटीत टाकला होता, ते कधी सांगितलं का घरात? तुमच्या आजी असतील किंवा चाळीत त्या वयाचं कुणी असेल तर एकदा विचारून बघा आणि मला कळवा.